मिस सरला, महू

रविवार होता. पाहुणे अकराला यायचे होते, आणि आनंदराव साडेसातपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"बघ तुझा बाप," गिरिजाबाई पोह्यांवर शेव घालता घालता लेकीला, दीनाला म्हणाल्या. "लग्नातसुद्धा इतक्या लवकर तयार नव्हता झाला."

आनंदरावांना ऐकू आलं नव्हतंच, पण पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोचे ओठ त्यांना पाठ झाले होते. "लग्नात शर्ट उसना होता," ते म्हणाले. "वाट बघत बसलो होतो, अशोक कधी काढून देतो त्याची." बोलले ते मिलमधल्या माणसाच्या आवाजात, म्हणजे चार घरं पलीकडे ऐकू जाईल असं. भिंतीपलीकडून अशोकचा आवाज आला, "अजून परत नाही दिलास भिया!" आणि त्या एका गोष्टीवर दोन्ही घरं हसली. आनंदराव सगळ्यात शेवटी हसले, दीनाने हातांनी सांगितल्यावर.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या त्या गल्लीत सगळेच असे मोठ्याने बोलायचे. अठ्ठावीस-तीस वर्षं लूमसमोर उभं राहिलेल्या माणसाचे कान कुठून शाबूत राहणार? विणाई खात्यात तोंडाने बोलून उपयोगच नसे. शेकडो माग एका वेळी आपटायचे, तेव्हा तिथली माणसं हातांनी बोलायची. दोन बोटं जुळवून फटकन दूर केली की धागा तुटला. पंजा आडवा फिरवला की मुकादम येतोय. मूठ ओठांशी नेली की चहा. ही भाषा मिलमधून डब्याबरोबर घरी यायची. धम्मदीना, म्हणजे घरची दीना, बाराखडीच्या आधी ती शिकली होती. आता ती बत्तीस वर्षांची होती, कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती, दोन भाषांतली पुस्तकं वाचत होती, पण बाबांना चहा विचारायचा तर मूठच ओठांशी जायची.

आणि रविवारची गाणीही ती हातांनीच सांगायची.

आनंदरावांकडे साडेचारशे तवे होते. प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्डी थोड्या, बाकी जुन्या, लाखेच्या, हातातून सुटल्या की खापरासारख्या फुटणाऱ्या. कोनाड्यात, दिवाणाखाली, पत्र्याच्या पेटीत सगळीकडे तेच. पंचेचाळिशीत त्यांचे कान गेले, तरी तवे येतच राहिले. रेकॉर्ड प्लेयरच्या लाकडी खोक्यावर ते उजवा तळवा ठेवायचे, डोळे दीनाकडे. ढोलकीचा ठेका हाताला लागायचा. बाकीचं ती सांगायची: आवाज वर चढला की हात वर, मुरकी आली की बोटांची थरथर, सुई अडकली की धागा तुटला. "विणकराचा हात आहे," ते अभिमानाने सांगत. "अंधारात कापडावर फिरवला तर कुठला धागा सैल आहे ते सांगतो. गाणं काय, तेही विणलेलंच असतं."

त्या रविवारी जे पाहुणे येणार होते, ते गोपीनाथ नावाचे पुण्याकडचे गृहस्थ. इंदूरला इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायला आले होते आणि जुने तवे जमवायचे. सियागंजात श्रीकृष्ण भियाच्या दुकानात, जिथं खिळे-बिजागऱ्यांच्या पोत्यांमागे भंगारातले तवे रचलेले असत, तिथं त्यांची नि आनंदरावांची ओळख झाली होती. आनंदरावांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझ्याकडे एक तवा आहे, तुमच्या पूर्ण पुण्यात नसेल. मिस सरला, महू."

हीच तर दीनाची भीती होती.

अकराला दार वाजलं. आनंदरावांना ते ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. ते आतल्या खोलीत प्लेयर पुसत होते, तिथून त्यांना दीनाची फक्त पाठ दिसत होती. तिने दार अर्धंच उघडलं आणि पाठ तशीच ठेवली, ओठ दिसू नयेत म्हणून.

"सर, माफ करा. सुई तुटलीये. आज नाही होणार."

"अरेरे. मग नुसतं काकांना भेटून जातो."

"त्यांना बरं नाहीये. झोपलेत."

गोपीनाथांनी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. आत पांढऱ्या शर्टातला माणूस कापडाने काहीतरी पुसत होता. ते एक पाऊल मागे सरले. "पुन्हा येईन," म्हणाले आणि चपला घालून गेले.

"काय झालं?" आनंदरावांनी विचारलं.

"काम आलं त्यांना. पुढच्या रविवारी येतील."

"कॉलेजवाल्यांना रविवारी कसलं काम?" त्यांनी हातातलं कापड घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "चल, आपण ऐकू. शर्ट कशाला वाया घालवायचा."

दीनाने तवा लावला. गिरिजाबाई स्वयंपाकाच्या ओट्याशी गेल्या आणि स्टोव्हला पंप मारू लागल्या. हा तवा लागला की त्यांना दरवेळी स्टोव्हच पेटवायचा असे. स्टोव्हच्या फर्रफर्र आवाजाखाली प्लेयरमधून दोन पुरुषांचे आवाज आले. एक न्हावी होता, एक गिऱ्हाईक. "अरे मियां, मूंछ किधर गई?" गिऱ्हाईक ओरडलं, आणि पाठोपाठ माणसं खो खो हसली.

आनंदरावांनी तळवा खोक्यावर ठेवला होता. दीनाने हात उचलला आणि त्यांच्या बहिणीचं गाणं सांगायला सुरुवात केली.

*

सरला आनंदरावांची थोरली बहीण. त्यांचे वडील महूला पलटणीत होते, घर छावणीच्या मागच्या वस्तीत. सरला चौदाव्या वर्षापासून जलशात गायची, बाबासाहेबांची गाणी, आणि वस्तीतली म्हातारी माणसं तिच्यासाठी पुढची जागा सोडायची. त्रेपन्न साली कुठलीशी लहान कंपनी इंदूरला आली. एका लॉजच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून कंपनीवाल्यांनी आठवडाभर जो मिळेल त्याला रेकॉर्ड केलं: कव्वाल, भजनी, नकलाकार, आणि महूची ही एकोणीस वर्षांची मुलगी. पंधरा वर्षांचा आनंद बाहेर जिन्यात बसला होता. दारातून जेवढं ऐकू आलं तेवढं त्याने ऐकलं. थोडे तवे निघून दुकानांत गेले म्हणे, पण महूला एकही यायच्या आत कंपनी बुडाली, आणि दोन वर्षांत सरलाही गेली, क्षयाने. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता.

त्यानंतर आनंदराव मिलमध्ये लागले आणि पहिल्या पगारापासून जुने तवे उलथेपालथे करू लागले. त्यांना गाण्यांची हौस आहे असं गल्लीला वाटायचं. खरं तर ते एकच लेबल शोधत होते. बाकीचे साडेचारशे त्या शोधात हाताला लागले, आणि लागले ते प्रेमाचे झाले.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात मिल बंद झाली. फाटकाला कुलूप लागलं, आणि ज्या भोंग्यावर आख्खा परदेशीपुरा चहा ठेवायचा तो वाजेनासा झाला. पहिले काही दिवस आनंदराव सवयीने डबा घेऊन जायचे आणि फाटकासमोर बसून तिथंच खाऊन परत यायचे. त्याच सुमारास गावभर छपरांवर डिशच्या थाळ्या उगवत होत्या, घराघरांतून जुने प्लेयर आणि तवे भंगारात निघत होते. एका दुपारी ते धावतच घरी आले. पन्नाशी उलटलेला माणूस, श्वास लागलेला, छातीशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा. श्रीकृष्ण भियाने एकटा तवा द्यायला नकार दिला होता, म्हणून एका घरातून निघालेले सातही उचलून आणले होते. त्यांतला एक त्यांनी दीनाच्या हातात दिला. फिकट हिरवं लेबल. मिस सरला, महू.

"लाव," ते म्हणाले. "आणि सांग मला."

तिने लावला. न्हावी बोलला, गिऱ्हाईक बोललं, माणसं हसली. तिने सुई उचलून दुसरी बाजू लावली. तिथं त्याच नकलेचा दुसरा भाग. तिने आईकडे बघितलं. आईने तिच्याकडे. आणि समोर बाबा, खोक्यावर हात ठेवून, डोळे दीनावर रोवून. आठच दिवसांपूर्वी मिलच्या फाटकातून परत आलेला तो चेहरा तिने बघितला होता. तो पुन्हा बघायची तिची हिंमत झाली नाही.

"आहे," ती म्हणाली. "आत्याच आहे, बाबा." आणि हात उचलला.

गाणं कसं सांगायचं याची अडचण नव्हती. जिन्यात ऐकलेली ती चाल बाबा तिला लहानपणापासून गुणगुणून दाखवत आले होते. त्यांनीच दिलेलं ती त्यांना परत देत होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिला वाटलं, आपण बरोबर केलं. भिंतीपलीकडे ते हसणं ऐकू जाऊ नये म्हणून आईने त्या दिवशी पहिल्यांदा स्टोव्हला पंप मारला, आणि त्या विषयावर मायलेकी पुढे कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

उरलेले सहा तवे बाबांनी न वाजवताच, नुसती लेबलं बघून जागच्या जागी ठेवून दिले. चार कव्वाल्या कोनाड्यात गेल्या. दोन संवादाचे, नकलांचे होते. ते त्यांनी खाकी कागदात बांधले, वर 'बोलके' लिहिलं आणि पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवले. नुसतं बोलणं हाताला काही सांगत नाही, म्हणून बोलके तवे ते कधी लावायचेच नाहीत. दीनाने तो पुडा उघडला नाही. खरं तर त्या दिवसानंतर तिने तव्यांना आपण होऊन हातच लावला नाही. बाबा देतील तो लावायचा, एवढंच.

दोन-तीन महिने गेल्यावर, असंच ऐकता ऐकता, आनंदरावांनी तळवा उचलून पाहिला आणि पुन्हा ठेवला.

"ठेका नाही लागत गं. ढोलकी होती, मला आठवतंय. खोलीत ढोलकीवाला गेलेला मी बघितला होता."

दीना सत्तावीस वर्षांची होती. त्या क्षणी सांगता आलं असतं. तिने पुढे तो क्षण इतक्यांदा आठवला की त्याला आता कडा उरल्या नव्हत्या. ती म्हणाली, "आहे की ढोलकी. तुमचा हात जाड झालाय, बाबा. वय झालं."

आनंदरावांनी तळव्याकडे बघितलं. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"असेल," ते म्हणाले. "कान गेले, आता हात पण चालला."

मिल सुटल्यावर एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर ते रफूचं काम करत होते. पूर्वी डोळे मिटून धागा उचलणारा माणूस त्या दिवसापासून चष्मा लावून, दोनदोनदा तपासून रफू करायला लागला. अंधारात कापड ओळखण्याची बढाईही त्यांनी पुन्हा मारली नाही. सियागंजात जाणं चालू राहिलं, पण तवा विकत घ्यायच्या आधी खोक्यावर हात ठेवून पारखायचं त्यांनी सोडून दिलं. विचारायचे दीनाला. "तू म्हणशील ते."

*

त्या रविवारी तवा संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी सरांना ढोलकीकडे लक्ष द्यायला सांगू. त्यांचे कान चांगले आहेत."

सोमवारी दुपारी दुकानाच्या ओट्यावर, एका शालीचं रफू अर्धं झालेलं असताना, आनंदराव बाजूला कलंडले. दुकानदाराला वाटलं झोप लागली. रिक्षात घालेपर्यंत सगळं संपलं होतं. सुई शालीतच होती. दुकानदाराने ती शाल घरी आणून दिली, तशीच, सुईसकट. काय करायचं ते त्यालाही कळेना.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला गल्ली पांढऱ्या कपड्यांनी भरून गेली. त्रिशरण-पंचशील झालं, मिलमधले जुने सोबती दोन शब्द बोलले, आणि शेवटी अशोक उभा राहिला. त्याच्याने बोलवेना. त्याने दोन बोटं जुळवली आणि दूर केली. सगळ्या विणाई खात्याला कळलं.

गोपीनाथ सगळे गेल्यावर आले. थोडा वेळ फोटोसमोर बसले. मग चाचरत म्हणाले, "धम्मदीनाताई, ही वेळ नाही, मला कळतं. पण काका त्या तव्याबद्दल फार बोलायचे. तुमची परवानगी असेल तर मी तो कॅसेटवर उतरवून देईन. आवाज जपला जाईल."

दीनाने आईकडे बघितलं. गिरिजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "लाव," त्या म्हणाल्या. "आता कोणापासून लपवायचं?"

तिने लावला. न्हावी बोलला. "अरे मियां, मूंछ किधर गई?" माणसं हसली. या वेळी स्टोव्ह पेटलेला नव्हता, त्यामुळे ते हसणं घरभर झालं.

"त्या दिवशी सुई तुटली नव्हती," दीना म्हणाली. "बाबा झोपले नव्हते. या तव्यात आत्या नाहीच. पहिल्या दिवसापासून नाही. मी बाबांना खोटंच सांगत आले."

गोपीनाथांच्या चेहऱ्यावर तिला तिरस्कार दिसेल असं वाटलं होतं. त्यांनी मात्र सुई उचलून तवा हातात घेतला, खिडकीशी नेला आणि तिरका धरला.

"लेबलवर नंबर बघा," ते म्हणाले. "शेवटी सतरा. आणि इथं, लेबलच्या कडेला, लाखेवर कोरलाय तो. सोळा." ते एकदम भराभर बोलू लागले. "छोट्या कंपन्यांत हे व्हायचं. एका दिवसाचे तवे एकत्र निघायचे, लेबलं चिकटवणारा चुकायचा. आत्याबाईंचं लेबल नकलेवर लागलं. म्हणजे नकलेचं लेबल आत्याबाईंच्या गाण्यावर असणार. माझ्याकडेच अशा दोन जोड्या आहेत. असे तवे बहुतेक एकाच दुकानात जातात, एकाच घरात निघतात. हा आला तेव्हा याच्याबरोबर आणखी काही—"

ते थांबले, कारण दीना उठून उभी राहिली होती.

पत्र्याच्या पेटीच्या तळाशी खाकी पुडा होता. 'बोलके', बाबांच्या अक्षरात. दोरीची गाठ विणकराची, एक टोक ओढलं की सुटणारी. दोन तवे. वरच्यावर राजा-वजीर असं काही होतं. खालचा फिकट हिरव्या लेबलचा. नाई और ग्राहक, भाग पहिला. शेवटी सोळा. तिने तो खिडकीशी तिरका धरला, गोपीनाथांनी धरला होता तसा. लाखेवर सतरा कोरलेलं होतं.

पाच वर्षं. दिवाणापासून चार हातांवर. तिने पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर बाबांनी डोक्याला हात लावला असता, शिवी हासडली असती, आणि तवा घेऊन तडक श्रीकृष्ण भियाकडे गेले असते. त्याने किंवा दुसऱ्या कोणा जमवणाऱ्याने हेच सांगितलं असतं, जे या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं. गेल्या रविवारी तिने दार पूर्ण उघडलं असतं, तरीही.

"मी बाहेर थांबतो," गोपीनाथ म्हणाले.

"बसा," गिरिजाबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी शर्ट घालून बसले होते ते."

दीनाने तवा ठेवला. आधी नुसती खरखर. मग बाजाची पेटी, आणि मग एका मुलीचा आवाज, कोवळा, थोडा घाबरलेला, पहिल्या ओळीनंतर न घाबरलेला. चाल तीच होती. जिन्यात बसलेल्या मुलाने एक जागासुद्धा चुकीची लक्षात ठेवली नव्हती. दीनाचा डावा हात आपोआप उठला होता, आणि आवाज चढायच्या आधीच तो वर जात होता. पाच वर्षं तिने हेच गाणं सांगितलं होतं. फक्त ते इथं नव्हतं, तळाच्या पुड्यात होतं.

तिने उजवा तळवा खोक्यावर ठेवला, बाबा ठेवायचे त्याच जागी, जिथं लाकडाची पॉलिश उडून गेली होती.

ढोलकी होती. जाड, सावकाश, सरळ मनगटापर्यंत येणारी. अगदी बहिऱ्या माणसालाही चुकणार नाही अशी.

गाणं संपलं. सुई आतल्या कडेला खरखरत राहिली, आणि कोणी ती उचलली नाही. दीना फोटोकडे वळली. नीट समोर तोंड करून, ओठ दिसतील असं. आणि मिलमधल्या माणसाशी बोलतात त्या आवाजात, चार घरं पलीकडे ऐकू जाईल असं, ती म्हणाली,

"बाबा, मी खोटं बोलले. ठेका नव्हताच. तुमचा हात बरोबर होता."